वामनवृक्षाचें तोंड कोणत्या बाजूस असावें?

विहिरीच्या बांधकामांत उगवलेला वड किंवा पिंपळ हा शेतकऱ्याचा जुना वैरी होय. पांखराच्या विष्ठेंतून पडलेलें बीं दगडांच्या सांध्यांत रुजतें, विहिरीच्या ओलाव्यावर वाढतें, आणि थोड्याच वर्षांत त्याचीं मुळें चिऱ्यापासून चिरा सोडवूं लागतात. बरें, तोडावें म्हटलें तर पिंपळावर कुऱ्हाड घालण्यास गडी सहसा तयार होत नाहीं, आणि वडाविषयीं घरांतील बायकांचा तसाच आग्रह असतो. ह्या पेचांतून सुटण्याचा एक सोयीचा मार्ग म्हणजे तें झाड मुळांसह जिवंत काढून कुंडींत लावणें. किन्हीराजा येथील आमच्या वडिलोपार्जित शेतांतील विहिरीचें तोंड २००९ सालीं पुन्हां बांधावें लागलें, तेव्हां कांठापासून चार हात खालीं वाढलेला एक वड आम्हीं असाच काढविला. आमचे तीर्थरूप त्या वेळीं हयात होते, आणि गडी आंत उतरला असतां दोर त्यांनीं स्वतः धरला होता. झाड जगलें. आज तें आमच्या ओसरीवर उथळ कुंडींत उभें आहे. परंतु त्याची दर्शनी बाजू ठरवितांना आमच्या हातून जी चूक झाली, ती निस्तरण्यांत अनेक वर्षें खर्ची पडलीं. ज्या वाचकांच्या विहिरीवर, धुऱ्यावर किंवा जुन्या वाड्याच्या भिंतीवर असें एखादें झाड असेल, त्यांचीं तरी वर्षें वांचावींत ह्या हेतूनें पुढील मजकूर लिहिला आहे.

ह्या कलेस जपानी भाषेंत बोन्साय म्हणतात. बोन म्हणजे उथळ पात्र व साय म्हणजे लागवड. मूळ विद्या चीन देशांतील असून तेथें पेंजिंग या नांवानें ती चालते. जपानांत गेल्यावर तिला आजचें नेमस्त रूप आलें. आपल्याकडे वामनवृक्ष हा शब्द रुळला आहे, आणि आम्हांस तो अधिक आवडतो. कारण वामन खुजा खरा, पण तीन पावलांत सर्व व्यापणारा होता. महाराष्ट्रांत हा छंद आतां पुष्कळ पसरला आहे. फेब्रुवारी २०१८ मध्यें पुण्यास प्राजक्ता काळे यांच्या पुढाकारानें 'बोन्साय नमस्ते' या नांवाचें प्रदर्शन भरलें होतें, त्यांत तीन हजारांहून अधिक वामनवृक्ष मांडण्यांत आले होते. इतकीं झाडें जेथें एकत्र असतात, तेथें एकेका झाडाच्या वांट्यास पाहणाराचे चार-दोन क्षणच येणार हें उघड आहे. तेवढ्या क्षणांत झाडानें त्यास तोंड दाखवावयाचें कीं पाठ, हा आजचा विषय.

झाडास तोंड असतें ही कल्पना प्रथम विचित्र वाटते. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां सातबाऱ्यावर झाडांच्या नोंदी शेंकडों वेळां पाहिल्या. आंबे तीन, चिंच एक, मोह दोन, एवढें लिहिलें कीं काम संपे. त्या झाडांची पुढची बाजू कोणती, असें विचारणारा रकाना कोठेंच नव्हता. आणि खरोखर मोठ्या झाडास त्याची गरजही नाहीं. आपण त्याच्या सांवलींत शिरतों, भोंवतीं फिरतों, चारही बाजूंनीं त्यास पाहतों. हावडा येथील वनस्पति-उद्यानांतील जो प्रसिद्ध वड आहे, त्याचें मूळ खोड बुरशी लागून कुजल्यामुळें १९२५ सालीं काढून टाकावें लागलें. तरी तो पारंब्यांच्या आधारानें पसरतच राहिला. त्याचें तोंड कोणीं कोठें शोधावें?

वामनवृक्षाची गोष्ट निराळी आहे. दीड हाताच्या रोपांत पन्नास हातांचा वृक्ष भासवावयाचा असतो, आणि हा भास एकाच ठिकाणाहून पुरता साधतो. पाहणारा चार बोटें वर सरकला किंवा बाजूस झाला कीं कुंडी, माती, कापलेल्या फांदीचा व्रण हें सर्व दिसूं लागतें व भास मोडतो. जपानी घरांत ह्यासाठीं तोकोनोमा नांवाचा एक किंचित् उंच केलेला कोनाडा असे. त्यांत झाड ठेवीत आणि पाहुणा समोर चटईवर बसून तें पाही. पाठीमागें भिंत, पुढें माणूस. त्यामुळें झाडाची एकच बाजू पाहण्यांत येई. तिला ते शोमेन म्हणतात. तोक्यो शहरीं उएनो येथें १९३४ सालीं सुरू झालेल्या कोकुफू नांवाच्या प्रदर्शनाची मोठी ख्याति आहे. तेथेंही झाड साध्या पडद्यापुढें, एक तोंड करून मांडण्याची चाल आहे. मात्र दर्शनी बाजू एकच म्हणून बाकीच्या बाजू कशाही असाव्यात असें नव्हे. पाठीमागची फांदी नसली तर समोरून पाहणारासही झाड कागदावर चिकटविल्यासारखें चपटें दिसतें. हें आम्ही ऐकून नव्हे, भोगून सांगत आहों.

आमचा वड भिंतींत वाढलेला असल्यामुळें त्याच्या दोन बाजूंत जमीन-अस्मानाचें अंतर होतें. विहिरीच्या पोकळीकडील बाजूस उजेड, म्हणून तिकडे पालवी दाट व फांद्या पुष्कळ. परंतु त्याच बाजूस बुंधा अरुंद असून त्यांतून मनगटाएवढें एक मूळ सरळ पुढें आलेलें होतें. भिंतीकडील बाजू पाहावी तर तिकडे पानें विरळ. पण दगडावर दाबलीं गेल्यामुळें मुळें पंजाच्या बोटांसारखीं दोहों अंगांस पसरलेलीं, आणि खोडाचें वळण स्पष्ट दिसणारें. २०१३ च्या पावसाळ्यांत कुंडी बदलण्याची वेळ आली, तेव्हां आम्हीं अंगणांत उभे राहून, वरून खालीं पाहून, जिकडे पालवी दाट ती बाजू पुढची ठरविली. पुढें आलेलें मूळ शेवाळानें झांकलें. त्याच बाजूस एक करंगळीएवढी फांदी पाहणाराच्या अंगावर येत होती, ती डोळ्यांत खुपते म्हणून बुडापासून छाटून टाकली. नियम आम्हांस ठाऊक होता, आणि नियमाप्रमाणें तें छाटणें बरोबरही होतें. फक्त ज्या बाजूस धरून नियम लावला ती बाजूच चुकलेली होती.

सहा वर्षें आम्ही त्या झाडाची तशीच जोपासना केली. पुढें २०१९ सालीं एका पुष्पप्रदर्शनांत तें मांडलें असतां एक वृद्ध माळी तेथें आला. इतर लोक उभ्यानें पाहून पुढें जात होते. हा मात्र मेजापुढें उकिडवा बसला, बोटानें शेवाळ जरा बाजूस सारलें, मग उठून मेजाच्या मागें गेला व तेथेंही तसाच बसला. परत येऊन म्हणाला, "बाबूजी, हें झाड तर पाठमोरें बसलें आहे." आम्ही रागावलों नाहीं असें म्हणणें खरें होणार नाहीं. परंतु सायंकाळीं गर्दी ओसरल्यावर त्याच्याचसारखें मागें जाऊन बसलों, आणि सर्व उमगलें. जी फांदी आम्हीं छाटली ती त्या बाजूनें पाहतां पाठीमागची फांदी झाली असती. खोडास खोली देणारी तीच एक होती.

यावरून जो क्रम आम्ही आतां पाळतों तो असा, कीं ज्या गोष्टी बदलतां येत नाहींत त्या प्रथम पाहाव्या. वडास किंवा पिंपळास नवी फांदी तीन-चार वर्षांत आणतां येते. पालवी तर एका पावसाळ्याचा खेळ आहे. बुंध्याचा पसारा व खोडाचें पहिलें वळण हीं मात्र झाडानें आपल्या बालपणांत घेतलेलीं असतात. मुळांचेंही कलम करतां येतें, नाहीं असें नाहीं. पण तें काम चिकाटीचें असून त्याचें फळ उशिरां दिसतें. म्हणून बुंधा आधीं, खोड नंतर, फांद्या त्यानंतर आणि पानें सर्वांच्या शेवटीं. बहुतेक हौशी लोक पानांपासून आरंभ करतात. आम्हीही तसेंच केलें होतें.

पाहावयाचें कसें, हें आतां सांगतों. झाड जमिनीवर ठेवून उभ्यानें कधींही पाहूं नये. ओट्यावर किंवा मजबूत मेजावर तें अशा उंचीवर ठेवावें, कीं आपण खुर्चीवर बसलों असतां आपली नजर खोडाच्या मध्याशीं किंवा त्याहून किंचित् खालीं भिडेल. मोठ्या वृक्षाकडे आपण नेहमीं खालूनच पाहतों, म्हणून नजर खालीं असली तरच लहान झाड मोठें वाटतें. पाठीमागें पांढरें धोतर किंवा चादर सुरकुत्या न ठेवतां टांगावी. झाडाच्या मागून उजेड येऊं देऊं नये. फिरविण्यासाठीं विकत मिळणारी चकती चांगलीच, परंतु घरांत जुनें जातें पडलेलें असेल तर त्याचा खुंटा काढून वरच्या तळीवर कुंडी ठेवली असतां तें अतिशय निश्चल व संथ फिरतें. आम्ही तेंच वापरतों. दर खेपेस दोन बोटें फिरवावें, थांबावें, पाहावें. घाईनें गरगर फिरविल्यास कांहींच दिसत नाहीं. जेथें बरें वाटेल तेथें कुंडीच्या कडेवर खडूची खूण करावी. तीन-चार खुणा झाल्या कीं त्या दिवशीं काम थांबवून दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां पाहावें. पहिल्या दिवशींच्या खुणांपैकीं निम्म्या आपणच पुसून टाकूं, असा आमचा अनुभव आहे.

ह्या कामास पानगळीचा काळ उत्तम. पिंपळ फाल्गुनाच्या सुमारास पानें टाकतो, त्या थोड्या दिवसांत त्याचा सांगाडा जसा दिसतो तसा पुढें वर्षभर दिसत नाहीं. वडाचीं सर्व पानें आपण होऊन गळतीलच असें नाहीं. झाड सशक्त असेल तर देंठ राखून पानें कात्रीनें उतरवावींत. अशक्त झाडाचीं मात्र उतरवूं नयेत.

आतां बुंधा. वरची माती बोथट काडीनें हळूहळू बाजूस सारून मुळें जेथून फुटतात तो भाग उघडा करावा. ज्या बाजूनें बुंधा सर्वांत रुंद दिसतो व मुळें उजवी-डावीकडे पसरून जमीन घट्ट धरल्यासारखीं वाटतात, ती बाजू पहिली उमेदवार समजावी. एखादें जाड मूळ सरळ पाहणाराकडे आलेलें असल्यास ती बाजू टाळावी. समोरून तें मूळ न दिसतां नुसतें टेंगूळ दिसतें. शेवाळानें झांकून ह्यांतून सुटका होत नाहीं, कारण जाणता मनुष्य आधीं शेवाळाखालींच पाहतो.

खोडाचें वळण उजवी-डावीकडे दिसावें. तेंच वळण पाहणाराकडे पोट काढून आलेलें असलें तर खोड सरळ व ठेंगणें भासतें. जपानी लोक त्यास कबुतराची छाती म्हणतात. उलट, खोड बुंध्यापासून किंचित् मागें जाऊन शेंडा पुन्हां थोडा पुढें आलेला असावा. हा पुढें येण्याचा प्रकार नव्या मनुष्यास खटकतो, पण त्यास कारण आहे. मोठ्या वडाखालीं उभे राहून वर पाहावें. त्याचा माथा आपल्यावर ओणवलेला दिसतो. शेंडा मागें गेलेलें लहान झाड पाठीवर पडत असल्यासारखें वाटतें. खोड बुडाशीं जाड व वर निमुळतें होत गेलेलें ज्या बाजूनें अधिक स्पष्ट दिसेल, तिला झुकतें माप द्यावें.

फांद्यांविषयीं पुस्तकी नियम असा, कीं पहिली फांदी उंचीच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्यावर एका बाजूस, दुसरी तिच्या वर दुसऱ्या बाजूस व तिसरी पाठीमागें असावी; खालच्या दोन हिश्श्यांत पुढून खोड मोकळें दिसावें व वरच्या हिश्श्यांत लहान फांद्या पुढें आल्या तरी चालतील. हा नियम देवदार-चीडसारख्या झाडांस जसा शोभतो तसा आपल्या वडास शोभत नाहीं. वड आडवा पसरतो, त्याच्या फांद्या जाड असतात, आणि पारंब्या खोडाच्या जवळ उतरतात. म्हणून वडाच्या बाबतींत आम्ही दोनच गोष्टी पाहतों: पुढच्या बाजूस खालीं डोळ्यांत खुपणारी फांदी नसावी, आणि पारंबी खोडाच्या पुढून पडद्यासारखी उतरूं नये, ती बाजूस किंवा मागें असावी. मोठा व्रण असल्यास तो मागच्या बाजूस जाईल असें पाहावें. वडाचे व्रण सालीनें पुष्कळसे भरून येतात, परंतु भरून आलेली गांठही वर्षानुवर्षें ओळखूं येते.

एवढें पाहून बाजू ठरली तरी कोन ठरलेला नसतो. कुंडीच्या एका कडेखालीं लांकडाची पातळ पाचर सारून झाड पुढें, मागें, उजवीकडे, डावीकडे कलतें करून पाहावें. पुष्कळदां दोन बाजूंमध्यें मन घुटमळत असतां बोटभर पाचरीनें प्रश्न सुटतो, कारण खोडाचा कल बदलला कीं शेंडा बुंध्यावर येतो व सगळा तोल सांवरतो. जी पाचर पसंत पडेल तिची जाडी लिहून ठेवावी. पुढें कुंडी बदलतांना तितकाच कल देऊन झाड लावावयाचें असतें. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे, त्याचाही येथें उपयोग होतो. मात्र जवळून फोटो घेतल्यास कुंडी अवाढव्य व शेंडा बारीक येतो. म्हणून सहा-सात फूट मागें सरून, खोडाच्या मध्याइतक्या उंचीवर मोबाईल धरून व चित्र मोठें करून घ्यावें. तोच फोटो काळा-पांढरा करून पाहिला कीं पानांचा हिरवा मोह जातो आणि रेषा तेवढी उरते. दोन खुणांमध्यें निवड होत नसेल तर दोन्ही फोटो घरांतील मुलांस दाखवावे. त्यांस नियम ठाऊक नसतात, हेंच त्यांच्या मताचें मोल.

बाजू ठरली कीं मातींत पुढच्या कडेस एक काडी रोवावी आणि कुंडी बदलण्याच्या हंगामापर्यंत कात्री हातीं घेऊं नये. आमच्या भागांत वड, पिंपळ, उंबर यांस मृगाचा पाऊस पडून हवा निवली कीं जागा बदलणें मानवतें. त्या वेळीं लांबट कुंडीची लांब बाजू पाहणाराच्या समोर येईल असें झाड लावावें. तें अगदीं मध्यावर लावूं नये. ज्या बाजूस मोठी फांदी जाते तिकडे अधिक जागा सोडावी व झाड मध्यरेषेच्या किंचित् मागें घ्यावें. तीन पायांची कुंडी असेल तर एक पाय पुढें ठेवण्याची रीत आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. तोंड पाहणाराकडे असावें हें मांडणीपुरतें; ऊन मात्र चारही बाजूंस मिळालें पाहिजे. तोंडाची बाजू बारा महिने उन्हाकडे ठेवलेलीं झाडें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांच्या पाठीमागच्या फांद्या दोन-तीन वर्षांत वाळतात. दर आठवड्यास कुंडीस पाव फेरा द्यावा. रोवलेली काडी असल्यानें तोंड हरवत नाहीं. चैत्र-वैशाखांत वऱ्हाडांतला पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो, तेव्हां दुपारनंतरचें पश्चिमेचें ऊन उथळ कुंडीतल्या मुळांस भाजून काढतें. त्या दोन महिन्यांत जाळीखालीं ठेवावें, पण फिरविणें चुकवूं नये.

प्रदर्शनांत मांडतांना सर्व मेहनत मेजाच्या उंचीवर अवलंबून असते. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारें पांच फुटांवर असतात. दीड-दोन फुटांचें झाड नेहमींच्या अडीच फुटी मेजावर ठेवलें तर लोकांस त्याचें टक्कलच दिसणार. साडेतीन फुटांची मांडणी मोठ्या माणसांस सोयीची. मुलें खालून पाहतील व तीं अधिक खरें पाहतील. दोन झाडें शेजारीं असल्यास दोघांचा कल एकमेकांकडे असावा, बाहेर पळत असल्यासारखा नसावा. कड्यावरून लोंबणाऱ्या धर्तीचें झाड, उदाहरणार्थ बोगनवेल, उंच तिवईवर ठेवावें, म्हणजे लोंबता भाग नजरेसमोर येतो. अनेक रोपांचें रान एका दगडी फरशीवर केलें असेल तर तें जितकें खालून पाहाल तितकें दाट वाटतें. मात्र समोरून पाहतां एक खोड दुसऱ्याच्या बरोबर मागें लपतां कामा नये. चिंचेच्या रोपांचें असें रान फार शोभतें, कारण तिचें पान मूळचेंच बारीक आहे.

शोभेच्या कल्पना पुष्कळांच्या डोक्यांत असतात, आणि त्यांस आमची हरकत नाहीं. वडाच्या बुंध्याशीं काळ्या दगडाच्या कपच्यांचा लहानसा पार बांधला तर आपल्या गांवची खूण पटते. फक्त पार पुढच्या मुळांवर चढूं नये, नाहींतर ज्या बुंध्यासाठीं ही बाजू निवडली तोच झांकला जातो. मातीची बैलजोडी, शंकराची पिंड, पाळण्यांतलें बाळ असल्या वस्तू मात्र कुंडींत ठेवूं नयेत. त्यांचें माप झाडाच्या मापाशीं जुळत नाहीं, आणि पाहणारा बैलांकडेच पाहतो. जोडीस कांहीं हवेंच असेल तर धुऱ्यावरच्या हरळीचा एक गड्डा छोट्या वाटींत लावून, झाडाचा कल ज्या बाजूस असेल त्या बाजूस, खालच्या पातळीवर ठेवावा. विकतच्या शोभेच्या रोपापेक्षां तो अधिक खुलतो. पाठीमागें कोरें कापड असावें. जाहिराती व रंगीत दिवे नसावे.

आमच्या वडाचें पुढें काय झालें हें वाचक विचारतील. २०२० च्या मृगांत आम्हीं त्यास उलट बाजूस फिरवून पुन्हां लावला. तें पुढें येणारें मूळ आतां मागें गेलें आहे आणि छाटलेल्या फांदीचा व्रणही मागेंच आहे, एवढें बरें झालें. पाठीमागची फांदी नव्यानें हवी होती. जुन्या व्रणाजवळ कोंब फुटेल म्हणून एक वर्ष वाट पाहिली, फुटला नाहीं. मग २०२१ च्या पावसाळ्यांत त्याच झाडाची एक लांब डहाळी वांकवून, दोन्हीकडील साल खरवडून, आंब्यास करतात तशी भेट कलम त्या जागीं बांधली. वडाचा चीक वाहतो, तो ओल्या फडक्यानें टिपून मगच बांधावें लागतें. पुढल्या वर्षीं जोड पक्का झाल्यावर डहाळी मूळ फांदीपासून तोडली. ती आज पेन्सिलीहून जाड आहे. छाटलेल्या फांदीइतकी होण्यास अजून दोन-तीन पावसाळे लागतील. आमचे तीर्थरूप २०१६ सालीं वारले. त्यांनीं हें झाड रोज सकाळीं ओसरीवर बसून पाहिलें, पण पाठमोरेंच पाहिलें.

यंदा मृगाच्या पावसावर त्याची कुंडी पुन्हां बदलावयाची आहे. बुंधा आणखी बोटभर उघडा करावा असा विचार आहे. परंतु वरच्या थरांत तंतुमुळें दाट फुटलेलीं आढळलीं तर तीं तोडणार नाहीं, आणि तें काम पुढच्या खेपेवर टाकूं.